किंग ऑलिव्हरचा कॉर्नेट ऐकायचा कसा

जॅझमधला कॉर्नेटवादक जो ‘किंग’ ऑलिव्हर याचं नाव निघालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: प्रसिद्ध ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगचा गुरू. वाक्य खरं आहे, पण त्यापायी ऑलिव्हरचं नुकसानच झालंय. लोक त्याच्या १९२३च्या रेकॉर्ड लावतात आणि त्यात आर्मस्ट्राँग शोधत बसतात. तो पटकन सापडत नाही. वर आवाज जुना आणि खरखरीत. मग ‘ऐतिहासिक महत्त्व आहे’ असं म्हणून सगळं बाजूला ठेवलं जातं.

ऑलिव्हर उत्तम सोलो वाजवायचा, त्याबद्दल पुढे लिहितोच. पण त्याची खरी करामत वेगळी होती. सात वादक एकाच वेळी, प्रत्येकजण आपापलं, आणि बरंचसं कागदाशिवाय वाजवतायत, तरी कुणाचा कुणाला धक्का लागत नाही, असा बँड त्याने उभा केला, आणि तो कॉर्नेट वाजवता वाजवता आतूनच चालवला. कान त्या जागी नेला की या रेकॉर्ड उलगडायला लागतात.

वाद्याची थोडी माहिती आधी. कॉर्नेट आणि ट्रम्पेट दोन्ही साधारण बी-फ्लॅटमधली, दोन्हींच्या नळीची लांबी सारखीच, जवळजवळ १४० सेंटिमीटर. फरक नळीच्या आकारात. ट्रम्पेटची नळी बराच भाग एकसारख्या जाडीची असते. कॉर्नेटची हळूहळू रुंदावत जाते आणि तिला वेटोळीही जास्त. म्हणून कॉर्नेटचा आवाज गोल, थोडा मऊ. ट्रम्पेटचा सरळ आणि धारदार. तीन व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा. मधला दाबला की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिला दाबला की पूर्ण स्वराने, तिसरा दाबला की दीड स्वराने. उरलेलं सगळं ओठांवर आणि हवेवर. एकही व्हॉल्व्ह न दाबता केवळ ओठ घट्ट-सैल करून सा, प, वरचा सा, ग, प असे सूर निघतात. म्हणजे नुसती बोटं बघून कुठला सूर लागणार ते कळत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ऑलिव्हरचा जन्म १८८०च्या दशकातला, लुइझियानातला. वाढला न्यू ऑर्लीन्समध्ये. त्याच्या जन्माच्या दोन तारखा कागदोपत्री सापडतात, १८८१ची आणि १८८५ची, आणि अभ्यासक त्यावर अजून वाद घालतात. एक डोळा अधू होता, म्हणून फोटोत त्याने बऱ्याचदा हॅट तिरकी ओढलेली दिसते. दिवसा गोऱ्या कुटुंबाकडे बटलरची नोकरी, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी बँड. त्या शहरात ब्रास बँडला कामाची कमी नव्हती: मिरवणुका, नाच, आणि अंत्ययात्रा. ऑलिव्हर ऑनवर्ड ब्रास बँडसारख्या नावाजलेल्या पथकांत तयार झाला. रस्त्यावर चालत तासन्‌तास वाजवायचं तर दम पुरवून वाजवावं लागतं. त्याच्या वादनात फापटपसारा नाही, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

त्याच्या आधीचा मोठा कॉर्नेटवाला म्हणजे बडी बोल्डन. त्याला १९०७ साली मनोरुग्णालयात ठेवलं, आणि १९३१मध्ये तो तिथेच वारला. त्याची एकही रेकॉर्ड उपलब्ध नाही. बोल्डननंतर फ्रेडी केपर्ड, आणि केपर्ड शहर सोडून गेल्यावर ऑलिव्हर. ट्रॉम्बोनवादक किड ओरीच्या बँडमध्ये असताना त्याच्या नावामागे ‘किंग’ लागलं. १९१७च्या नोव्हेंबरमध्ये स्टोरीव्हिल हा वेश्यावस्तीचा भाग सरकारने बंद केला. जॅझवाले त्यामुळेच शिकागोला गेले असं सरसकट सांगितलं जातं, ते फार सोपं करून सांगणं झालं. मुळात दक्षिणेतून लाखो कृष्णवर्णीय लोक उत्तरेकडच्या कारखान्यांत निघाले होते आणि त्यांना नाचायला त्यांचं संगीत हवं होतं. ऑलिव्हरच्या बाबतीत आणखी एक निमित्त घडलं. नाचाच्या एका कार्यक्रमावर पोलिसांची धाड पडली आणि वादकांनाही कोठडी पाहावी लागली. १९१८-१९च्या सुमारास त्याने शिकागो गाठलं.

१९२१मध्ये कॅलिफोर्नियात एक फेरी झाली. तिथून परतल्यावर १९२२च्या जूनमध्ये त्याचा क्रिओल जॅझ बँड शिकागोच्या दक्षिण भागातल्या लिंकन गार्डन्स या नाचाच्या हॉलमध्ये लागला. ऑगस्टमध्ये न्यू ऑर्लीन्सहून लुई आर्मस्ट्राँगला तारेने बोलावून घेतलं, दुसरा कॉर्नेट म्हणून. क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्स, ड्रमवर त्याचा धाकटा भाऊ बेबी डॉड्स, पियानोवर लिल हार्डिन, ट्रॉम्बोनवर ओनोरे ड्यूट्रे, बास आणि बँजोवर बिल जॉन्सन. यातल्या ड्यूट्रेकडे फारसं कुणी बघत नाही. पहिल्या महायुद्धात नौदलात असताना त्याची फुप्फुसं निकामी व्हायला आली होती, त्यामुळे लांबलचक दम त्याच्याकडे नव्हता. छापील ऑर्केस्ट्रेशनमधला चेलोचा भाग घेऊन तो ट्रॉम्बोनवर वाजवायचा. या रेकॉर्डमध्ये खाली एक शांत, गात जाणारी ओळ ऐकू येते ती त्याची.

आता सातजणांचं गणित. न्यू ऑर्लीन्सच्या पद्धतीत कॉर्नेट मधल्या पट्टीत चाल धरतो, क्लॅरिनेट वरच्या पट्टीत जलद नक्षी काढतो, ट्रॉम्बोन खालून एका स्वरसंगतीतून (कॉर्डमधून) दुसरीत नेऊन पोचवतो. पियानो, बँजो आणि ड्रम मात्रा धरतात. यात कॉर्नेटवाल्याची जबाबदारी सर्वांत मोठी आणि सर्वांत कंटाळवाणी. त्याने चाल सोडली तर बाकीच्यांना टेकायला जागा राहत नाही. ऑलिव्हर काय करतो ते बघा: ओळ सुरू करतो, दोन-तीन नेमके सूर ठासून लावतो आणि ओळीचं शेपूट सोडून देतो. त्या रिकाम्या जागेत डॉड्सचं क्लॅरिनेट शिरतं. सूर आखूड, पण मात्रेवर पक्के. ‘कॅनाल स्ट्रीट ब्लूज’ लावा आणि पहिल्यांदा ऐकताना फक्त कॉर्नेट कुठे थांबतोय तेवढंच ऐका.

दुसरा कॉर्नेट आला की अडचण सुरू होते, कारण दोघांची पट्टी एकच. दोन कॉर्नेट मनाला येईल तसे वाजवायला लागले तर मधल्या सप्तकात चिखल होतो. तोड अशी होती: आर्मस्ट्राँगने ऑलिव्हरच्या खाली राहून सुसंवादी ओळ धरायची आणि चालीत भर घालायची नाही. त्याचा आवाज ऑलिव्हरपेक्षा कितीतरी मोठा, तरीही.

आणि मग ते ब्रेक. ब्रेक म्हणजे सगळा बँड दोन बार (एक बार म्हणजे चार मात्रा) थांबतो आणि तेवढ्यात एकाने किंवा दोघांनी काहीतरी वाजवून सगळ्यांना परत समेवर आणायचं. हे दोघं ब्रेक एकत्र, दोन सुरांत, एकजिनसी वाजवायचे, तेही दर वेळी वेगळे. लिंकन गार्डन्समध्ये बसलेल्या गोऱ्या पोरसवदा वादकांना ते कसं जमतं हे कळत नसे. आर्मस्ट्राँगने नंतर सांगितलं ते असं: बँड जोरात वाजत असताना ऑलिव्हर त्याच्याकडे झुकायचा आणि व्हॉल्व्हवर बोटं हलवून येणाऱ्या ब्रेकचे सूर दाखवायचा. आर्मस्ट्राँग तेवढ्या वेळात आपली खालची ओळ डोक्यात बसवायचा.

वर म्हटलं ते इथे लागू पडतं. बोटांच्या एकाच मांडणीतून चार-पाच सूर निघू शकतात. म्हणजे नुसती बोटं पाहून भागत नव्हतं. त्या जागी कुठली स्वरसंगती येणार आहे आणि ऑलिव्हर स्वभावाने कुठे जाईल, हे आर्मस्ट्राँगला माहीत असावं लागे. दोघांनी एकाच शहराच्या रस्त्यांवर तेच बँड ऐकलेले होते, म्हणून हे शक्य झालं. ‘स्नेक रॅग’मध्ये हे दोन कॉर्नेटचे ब्रेक पुन्हा पुन्हा येतात. त्या रेकॉर्डचे दोन अवतार आहेत, एप्रिल १९२३चा जेनेट कंपनीचा आणि जूनचा ओके (OKeh) कंपनीचा. ब्रेकसाठी ओकेचा लावा, आवाज जास्त मोकळा आहे.

आवाजाची तक्रार करण्याआधी तो कसा टिपला गेला ते समजून घ्यायला हवं. ५ आणि ६ एप्रिल १९२३ला हा बँड आगगाडीने इंडियानातल्या रिचमंड गावी गेला. जेनेट ही तिथल्या स्टार पियानो कारखान्याची रेकॉर्ड शाखा. स्टुडिओ रेल्वेरुळांना लागून होता आणि गाडी धडधडत आली की ध्वनिमुद्रण थांबवावं लागे. जाता जाता एक गोष्ट: इंडियाना त्या काळी कू क्लक्स क्लान या गौरवर्ण-वर्चस्ववादी संघटनेचा बालेकिल्ला होता आणि हीच कंपनी क्लानवाल्यांना पैसे घेऊन त्यांच्या रेकॉर्डही छापून द्यायची. जॅझमधला पहिला मोठा कृष्णवर्णीय संच टिपला गेला तो इथे.

मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला, त्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई, आणि सुईखाली फिरणारी मेणाची जाड तबकडी. वादकांच्या आवाजाने पडदा हलतो आणि सुई मेणात खाच पाडते. विजेचा संबंध नाही, म्हणून आवाज कमी-जास्त करायचा एकच मार्ग: माणूस कर्ण्याजवळ किंवा लांब उभा करायचा. आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट इतका दणदणीत होता की त्याला बाकीच्यांच्या खूप मागे, पार कोपऱ्याकडे उभं केलं, असं लिल हार्डिन सांगायची. बास ड्रमचा ठोका बसला की सुई खाचेबाहेर उडायची, म्हणून बेबी डॉड्सला मुख्यतः लाकडी ठोकळ्यांवर भागवावं लागलं. बास व्हायोलिनचे खालचे सूर उतरतच नसत, तेव्हा बिल जॉन्सनने बँजो हातात घेतला. वरच्या बाजूलाही साधारण २५०० हर्ट्झच्या पुढचं फारसं काही मेणावर पोचत नसे, आणि कॉर्नेटच्या आवाजातली चमक नेमकी त्या पुढच्या भागात असते. आज आपण जे ऐकतो त्यात ढोल नाही, बास नाही, झांज जवळजवळ नाही आणि कॉर्नेटला धार नाही. हॉलमध्ये पाच-सहाशे लोक ज्यावर नाचायचे तो आवाज हा नव्हे. त्याचा मधला पट्टा तेवढा आपल्या हाती लागलाय.

वेगाचीही गोम आहे. तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्यांची असं आपण धरून चालतो, पण त्या काळी प्रत्येक कंपनीचा वेग थोडा इकडेतिकडे असायचा. ७८ऐवजी ७४च्या आसपास फिरवली की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने उतरतो आणि लयही तेवढीच मंदावते. ऑनलाइन एकाच रेकॉर्डच्या चार प्रती चार पट्ट्यांत सापडतात त्या यामुळे. पेटी किंवा तानपुऱ्याचं अ‍ॅप जवळ ठेवून शेवटचा सूर जुळतो का पाहा. तो दोन काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी लागत असेल तर त्या प्रतीचा वेग चुकलाय, दुसरी शोधा. आणि खरखर पूर्ण घालवलेल्या प्रती टाळा. खरखरीबरोबर क्लॅरिनेटची वरची धारही कापली जाते.

रिचमंडच्या त्या दोन दिवसांत नऊ बाजू, म्हणजे नऊ चाली, निघाल्या. ‘चाइम्स ब्लूज’मध्ये आर्मस्ट्राँगचा ध्वनिमुद्रित झालेला पहिला सोलो आहे. पण मुक्काम करायचा तो ‘डिपर माउथ ब्लूज’वर.

रचना अशी. चार बारची सुरुवात. मग बारा बारचं आवर्तन, म्हणजे चार मात्रांच्या हिशेबाने ४८ मात्रा. अशी नऊ आवर्तनं आणि शेवटी दोन बारची शेपटी. पहिली दोन आवर्तनं सगळा बँड. तिसरं-चौथं जॉनी डॉड्सचं, त्यात बाकीचे मध्येमध्ये ठोके देऊन थांबतात. पाचवं परत सगळ्यांचं, इथे आर्मस्ट्राँग पुढे येतो. सहावं, सातवं आणि आठवं ऑलिव्हरचं. नववं पुन्हा सगळ्यांचं. आठव्याच्या शेवटी ब्रेकमध्ये बिल जॉन्सन ओरडतो ते ऐकू येतं. सांगतात असं की तो ब्रेक बेबी डॉड्सचा होता, तो विसरला आणि जॉन्सनने ओरडून वेळ मारून नेली. नंतर ते ओरडणं त्या चालीचाच भाग झालं.

ऑलिव्हरची ती तीन आवर्तनं म्हणजे छत्तीस बार. त्यात सूर किती कमी आहेत ते मोजून पाहा. सारा खेळ कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्यातल्या जागेचा आहे. तो खालून सूर उचलतो, शुद्ध गंधारापर्यंत पुरता पोचत नाही आणि परत सोडतो. आपल्याकडच्या कानाला ही जागा लगेच कळेल, फक्त इथे खाली स्वरसंगती बदलत असते. पहिले चार बार सा-ची स्वरसंगती असताना तो कोमल गंधार टोचतो. पाचव्या बारला खाली म-ची स्वरसंगती आली की तोच सूर तिच्यात नीट बसतो. सूर जागचा हलला नाही आणि ताण मात्र निवळला. ब्लूजचं अर्धं व्याकरण एवढंच आहे, आणि ऑलिव्हरइतकं स्वच्छ मांडून दाखवणारा त्या काळात रेकॉर्डवर दुसरा नाही.

या सोलोतला ‘वॉ-वॉ’ आवाज म्यूटचा, म्हणजे वाद्याच्या तोंडावर धरायच्या आडोशाचा. ऑलिव्हर यासाठी हाताला येईल ते वापरायचा: पेला, बाटली, कप, हॅट. कॉर्नेटच्या कर्ण्याच्या तोंडावर आडोसा धरला की वरचे उपस्वर अडतात आणि आवाज ‘ऊ’ होतो. आडोसा बाजूला केला की तो ‘आ’ होतो. माणसाचं तोंड मिटताना-उघडताना जे घडतं तेच. पुढे वादकांनी यासाठी नळ साफ करायच्या प्लंजरची रबरी वाटी घेतली, दांडा काढून; आजही तीच वापरतात.

करून पाहायचं असेल तर तीन ठिकाणी घोळ होतो. वाटी कर्ण्यावर पूर्ण दाबून बसवली की आवाज गुदमरतो आणि सूर सरकतो. एका कडेला बोटभर फट राहू द्यायची. दुसरं, डावा हात वाटीत अडकला की वाद्याचा सगळा भार उजव्या हातावर येतो, त्यातून करंगळी आकड्यात घट्ट अडकते आणि व्हॉल्व्हवरची बोटं जड होतात. म्हणून अशा सोलोत जलद तानबाजी नसते. एक-दोन सुरांवर काम चालतं. तिसरं, नवशिका प्रत्येक मात्रेवर वाटी हलवतो आणि सगळं बदकासारखं वाटायला लागतं. ऑलिव्हर बराच वेळ वाटी मिटलेली ठेवतो आणि उघडतो ती ज्या सुरावर वजन द्यायचंय तिथेच.

शिकागोतल्या नाचघरांचा एक मालक पॅडी हार्मन. त्याच्या नावाचा म्यूट १९२०च्या दशकात बाजारात आला. त्याच्याभोवती बुचाचं अखंड कडं असतं, त्यामुळे सगळी हवा म्यूटच्या आतूनच जाते, आणि मधल्या नळीच्या तोंडावर हात उघड-बंद केला की ‘वॉ-वॉ’ होतं. ऑलिव्हर पेला आणि कपाने जे करायचा त्याचंच हे विकाऊ रूप. पेटंटचे पैसे अर्थातच त्याला मिळाले नाहीत. दुसरीकडे बबर माइली नावाचा तरुण ट्रम्पेटवाला शिकागोत ऑलिव्हरला ऐकून गेला आणि पुढे ड्यूक एलिंग्टनच्या बँडचा तो गुरगुरणारा आवाज त्याने घडवला.

‘डिपर माउथ’मधला ऑलिव्हरचा सोलो इतका ठरून गेला की पुढे तो पाठांतरासारखा वाजवला जाऊ लागला. मे १९२५मध्ये फ्लेचर हेंडरसनच्या बँडने हीच चाल ‘शुगर फुट स्टॉम्प’ या नावाने केली तेव्हा सोलो आर्मस्ट्राँगला मिळाला. दोन आवर्तनांत दोनदा तेच न वाजवणारा हा माणूस, पण इथे त्याने ऑलिव्हरची तीन आवर्तनं जवळपास तशीच ठेवली.

क्रिओल जॅझ बँड मात्र १९२४मध्ये फुटला. कारण पैशाचं. रेकॉर्डचे दर माणशी येणारे पैसे ऑलिव्हर पुरते वाटत नाही, असा डॉड्स बंधूंचा संशय होता. लिल हार्डिननेही पुढे तसंच सांगितलं. फेब्रुवारी १९२४मध्ये तिने आणि आर्मस्ट्राँगने लग्न केलं होतं आणि नवऱ्याने कायम दुसऱ्या कॉर्नेटवर बसावं हे तिला मान्य नव्हतं. तो वर्ष संपायच्या आत न्यूयॉर्कला गेला.

ऑलिव्हरने १९२५पासून प्लँटेशन कॅफेत मोठा संच उभा केला, डिक्सी सिंकोपेटर्स. तीन सॅक्सोफोन, लिहून ठेवलेली मांडणी, ट्रॉम्बोनवर जुना मालक किड ओरी, पियानोवर ल्युइस रसेल, सॅक्सोफोनवाल्यांत बार्नी बिगार्ड. ‘स्नॅग इट’ आणि ‘वॉ वॉ वॉ’ या १९२६च्या. जुन्या संचाची मजा मला यात नाही वाटत. तीन सॅक्सोफोन एका ओळीत वाजायला लागले की कॉर्नेटने मोकळी सोडलेली जागा आपोआप भरून जाते, आणि ऑलिव्हरचं बळ तर त्या मोकळ्या जागेतच होतं. ‘स्नॅग इट’मधला त्याचा ब्रेक तेवढा लाजवाब आहे, त्या पिढीच्या ट्रम्पेटवाल्यांनी तो तोंडपाठ केला होता.

१९२७ साली प्लँटेशन कॅफे बंद पडला. ऑलिव्हर न्यूयॉर्कला सॅव्हॉय बॉलरूममध्ये गेला, पण ते काम थोड्या दिवसांचं. त्याच वर्षी हार्लेमच्या कॉटन क्लबने विचारणा केली. पैसे कमी वाटले म्हणून त्याने नाही म्हटलं. डिसेंबरमध्ये ती जागा एलिंग्टनला मिळाली. या नकाराला पुष्कळजण मूर्खपणा म्हणतात. हिशेब ऑलिव्हरच्या बाजूने बघितला तर तो इतका वेडगळ नव्हता: दहा-बारा माणसांचे पगार द्यायचे, आणि शिकागोत तो जास्त पैसे घेत आलेला. त्याच्या हिशेबात एकच गोष्ट आली नाही, रेडिओ. कॉटन क्लबमधून कार्यक्रम थेट प्रसारित व्हायला लागले आणि एलिंग्टन देशभर घरोघरी पोचला.

चालींचे पैसेही असेच गेले. ऑक्टोबर १९२३च्या ‘कॅम्प मीटिंग ब्लूज’मधली क्लॅरिनेटची चाल ऐका आणि मग एलिंग्टनची १९२७ची ‘क्रिओल लव्ह कॉल’. ऑलिव्हरकडे वाजवून गेलेला रूडी जॅक्सन नावाचा क्लॅरिनेटवाला ती चाल एलिंग्टनकडे घेऊन गेला. ऑलिव्हरने हक्क सांगितला, पण त्याच्या हाती काही लागलं नाही.

आणि मग दात. कॉर्नेटच्या माऊथपीसचं तोंड आतून साधारण १६-१७ मिलिमीटरचं. त्याची कड ओठांवर टेकते आणि ओठांना मागून आधार असतो तो समोरच्या दातांचा. हिरड्यांचा आजार झाला की दाताखालचं हाड झिजतं, दात हलायला लागतात, ओठामागची भिंत खचते. आधी वरचे सूर जातात, कारण तिथे दाब जास्त लागतो. मग टिकाव जातो: दोन सोलो झाले की ओठ जुळत नाहीत. कवळी बसवली तर तीही दाबाने सरकते. ऑलिव्हरला गोडाचं वेड होतं, पावात साखर घालून खायचा; हिरड्यांचं दुखणं १९२०च्या दशकाच्या शेवटी बळावलं. १९२९-३०मधल्या व्हिक्टर कंपनीच्या त्याच्या रेकॉर्डवर नाव त्याचं, पण सोलो बऱ्याचदा भाचा डेव्ह नेल्सन किंवा इतर कुणाचा. एवढं असूनही अधूनमधून म्यूट लावून तो आठ-बारा बार वाजवतो आणि सूर लगेच ओळखू येतो. म्यूटमध्ये वरच्या पट्टीत चढावं लागत नाही, ते त्याच्या पथ्यावर पडलं असणार.

मंदीच्या वर्षांत तो दक्षिणेत एका रात्रीचे नाच करत फिरला. अशा दौऱ्यात बस बिघडली, पाऊस पडला किंवा संयोजक पळाला की त्या रात्रीचे पैसे बुडाले, आणि माणसं मात्र रोज जेवणार. वादक एकेक करून गेले. शेवटी जॉर्जियातल्या सव्हाना गावात तो एका बिलियर्ड हॉलमध्ये झाडलोटीच्या कामाला होता, सकाळी नऊपासून मध्यरात्रीपर्यंत. बहिणीला लिहिलेल्या पत्रांत रक्तदाबाच्या औषधाला पैसे नाहीत असं लिहितो, आणि न्यूयॉर्कच्या तिकिटासाठी सुट्टी नाणी साठवून एक डॉलर साठ सेंट जमल्याचंही. १९३७मध्ये आर्मस्ट्राँगचा बँड सव्हानाला गेला तेव्हा त्याला गुरू भाजी विकताना दिसला. त्याने आणि बँडमधल्या न्यू ऑर्लीन्सवाल्यांनी पैसे दिले. एप्रिल १९३८मध्ये ऑलिव्हर गेला. बहिणीने भाड्याचे पैसे मोडून त्याला न्यूयॉर्कला आणलं, ब्रॉन्क्समधल्या वुडलॉन दफनभूमीत त्याचं दफन झालं.

आपल्याकडे हा धागा आर्मस्ट्राँगमार्फत आला. गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजे मुंबईचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्ड ऐकून घडला आणि पुढे सी. रामचंद्रांकडे वाजवू लागला. १९५१च्या ‘अलबेला’त तो बँडसकट पडद्यावर दिसतो. आर्मस्ट्राँगच्या सोबतीने शिकागोत ध्वनिमुद्रण केलेला पियानोवादक टेडी वेदरफोर्ड तर तीसच्या दशकात मुंबईच्या ताजमध्येच वाजवत होता.

ऐकायला सुरुवात करायची तर ‘डिपर माउथ ब्लूज’ आधी जेनेटचा आणि लगेच ओकेचा, सहाव्या आवर्तनापासून बोटांवर बार मोजत. मग ‘स्नेक रॅग’. नंतर डिसेंबर १९२४मधली जेली रोल मॉर्टनच्या पियानोबरोबरची जोडवादनं, ‘किंग पोर्टर’ आणि ‘टॉम कॅट ब्लूज’. दोनच वाद्यं असल्यामुळे ऑलिव्हरचा दम आणि फेक सुटी ऐकू येते, जरी ध्वनिमुद्रण भयंकर असलं तरी. शेवटी ‘वेस्ट एंड ब्लूज’. चाल ऑलिव्हरची. त्याची स्वतःची रेकॉर्ड ११ जून १९२८ची, आर्मस्ट्राँगची २८ जूनची, मधे सतरा दिवस. आर्मस्ट्राँगची आधी ऐकलीत तर ऑलिव्हरची फिकी वाटेल, म्हणून क्रम तारखांप्रमाणेच ठेवा.